फळीच्या कोपऱ्यातलं नाव

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जिला वाटतं, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी आलेला नाहीत. आला असतात तर तुम्हालाही मी तेच सांगितलं असतं, जे सगळ्यांना सांगते.

पण आधी आईबद्दल बोलू द्या. त्याशिवाय पुढचं सांगताच येणार नाही.

माझं माहेर निपाणीजवळचं खेडं. आमच्या शेताच्या कडेला चिंचेचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी चिंचाई. चिंचाई म्हणजे काय — गुडघ्याएवढा दगड. शेंदूर लावलेला, वर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. नाक नाही, तोंड नाही, हात नाहीत. तिची पोथी नाही, आरती नाही. आमची आणि शेजारची दोन-तीन घरं सोडली तर तिला कुणी ओळखतही नसेल. आई दर मंगळवारी तिथे जायची, तेल घालायची, आणि मग मांडी घालून बोलत बसायची. प्रार्थना नव्हे, बोलणं. म्हैस आटली. जाऊ टोचून बोलली. पोरगी बेंगळुरूला गेली, ती आता कसली परत येतेय. मी मागे उभी असायचे, लहानपणी आणि पुढे माहेरी गेले की तेव्हाही. मला दिसायची फक्त तिची पाठ, आणि मानेवर सैल झालेला अंबाडा. घरात आई फारशी बोलायची नाही. जे काय होतं ते सगळं त्या दगडापाशी. मला किती वाटायचं की एकदा तरी तिने वळून हे माझ्याशी बोलावं!

आई गेली. मग रस्ता रुंद झाला आणि चिंचही गेली. चिंचाईला गावातल्या देवळामागे नेऊन ठेवलंय, असं भावाने फोनवर सांगितलं. मी पाहायला गेले, तर कुणी भक्ताने तिला पितळी मुखवटा चढवला होता. कोरलेल्या भुवया, हसरे ओठ. मी हात जोडले आणि ओळख नसलेल्या बाईसमोर उभं राहावं तशी उभी राहिले. 

मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघर आहे, संगमरवरी. त्यात सासरचे देव आहेत: चांदीची अन्नपूर्णा, बाळकृष्ण, पुण्याहून आलेला पिढीजात गणपती. लग्नानंतर सासूबाईंनी एकदा सहज विचारलं होतं, “तुमच्यात दगड पुजतात, नाही का?” वाईट मनाने नव्हे. पण माझ्या मनाला ते लागलं. इतकं, की पुढे कितीतरी वर्षं मी चिंचाईचं नावही घरात काढलं नाही.

आई गेल्यावर मात्र मला ती हवीशी झाली. देवघराच्या उजव्या बाजूला एक कोनाडा रिकामा होता, तिथे. मी शोधायला लागले. चिकपेटेतली दुकानं पाहिली, मल्लेश्वरमची पाहिली, व्हाइटफील्डला ऑफिसच्या कॅबमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना फोनवर शेकडो चित्रं पाहिली. सोन्याचा वर्ख लावलेल्या देव्या, वाघावरच्या, कमळावरच्या, सिनेमातल्यासारख्या गोऱ्यापान. एका दुकानदाराने विचारलं, “यावदु बेकु, अम्मा? यल्लम्मा? मारम्मा?” कुठली हवी, काय सांगणार? जिला चेहराच नाही, तिचं चित्र द्या म्हणून?

मग आनेकलला एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला गेले होते. परतताना बसस्टॉपजवळ मारम्माचं छोटं देऊळ दिसलं. जत्रा जवळ आली होती, आणि एक पन्नाशीची बाई स्टुलावर उभी राहून भिंतीवरची देवी नव्याने रंगवत होती. मी मोडक्या कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. तिने ब्रश न थांबवता मराठीत विचारलं, “निपाणीकडच्या काय तुमी?”

त्या यशोदाक्का. चिक्कोडीपलीकडच्या. कपड्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. वडील गावोगावची देवळं रंगवायचे, त्यांच्याकडून हात आलेला. सुटीच्या दिवशी कुणी बोलावलं तर त्या रंगवायला जात.

पुढचे पाच-सहा रविवार चिंचाईचं चित्र काढून घ्यायला मी दोन बस बदलून आनेकलला त्यांच्या खोलीवर गेले. गाडी घरी असताना बसने का? माहीत नाही. तिथे गेलं की माझी भाषा बदलायची. पुण्याचं सासर आणि इथलं ऑफिस यांत घासूनपुसून बसवलेली भाषा उंबऱ्याबाहेर राहायची आणि मी आमच्याकडच्या बायकांसारखं ‘मी आलो’, ‘मी बसलो’ म्हणू लागायचे. देवी दिसायची कशी, हे यशोदाक्कांनी एकदाच विचारलं. बाकी सगळे रविवार त्यांनी दुसरंच विचारलं. “तुमची आई काय बोलायची ओ तिच्यासंगं? सांगा की.”

मी सांगत गेले. आठवेल तेवढं. कुणाला कधीच सांगितलं नव्हतं इतकं.

फणसाची एक जुनी फळी त्यांनी घासून घेतली होती. चित्र पुरं झालं त्या दिवशी त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि स्वतः चहा करायला आत गेल्या. चिंच, शेंदरी दगड, दोन डोळे. आणि समोर, आपल्याकडे पाठ करून बसलेली एक बाई. अंबाडा सैल झालेला. मान किंचित डावीकडे कललेली. मान डावीकडे कलायची, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मलाच ते आठवत नव्हतं. मी तिथे जमिनीवर बसून रडले.

निघताना त्या म्हणाल्या, “माझं चित्र कुणाच्या देवघरात गेलेलं न्हाई अजून. एकदा दिवा लावलेला असताना येऊन बघीन म्हणते. चालंल न्हवं?”

मी म्हटलं, “कधीही या.”

इथवर सगळं चांगलं आहे. इथेच थांबता आलं असतं तर!

चित्र कोनाड्यात लागलं, ‘माहेरची देवी’ एवढंच घरी सांगितलं. त्या वर्षी नवरात्रात कॉलनीतल्या मराठी बायका हळदी-कुंकवाला आल्या. त्यांतल्या एकीला अशा गोष्टींची जाण होती. ती चित्रासमोर थबकली आणि म्हणाली, “अगं, हे किती जुनं आहे?” सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. आणि मी म्हणाले, “माझ्या पणजोबांच्या वेळचं. माहेरच्या देवघरातलं.”

एवढं सहज! विचार करावा लागला नाही. जणू वाक्य तयारच होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं — लग्नाला वीस वर्षं झाली होती, तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. “बोलली नाहीस कधी,” असं म्हणाल्या आणि त्यांनी पुढे होऊन चित्राला कुंकू लावलं. त्या दिवसापासून येईल त्याला त्याच सांगू लागल्या: चार पिढ्यांची देवी आहे हो, सुनेच्या माहेरची.

खोटं बोलले, एवढंच असतं तर मी हे लिहीत बसले नसते. लोक याहून मोठं खोटं बोलतात आणि विसरतात.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, चिंचेच्या मुळांजवळ, यशोदाक्कांनी नाव घातलं होतं. कन्नड अक्षरांत, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि आवडलं होतं. पण पुढच्या नवरात्रात ती जाणकार बाई चित्राचा फोटो काढायला येणार म्हणाली. ती येण्याच्या आदल्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरातून भाजी चिरायची लहान सुरी आणली आणि ते नाव खरवडून काढलं. अक्षर-अक्षर. मग खालचं पांढरं लाकूड दिसायला लागलं, तर त्यावर हळद-कुंकू तेलात कालवून बोट फिरवलं. मी सावकाश, नीट काम केलं.

त्याच नवरात्रात, पंचमीला, यशोदाक्का आल्या.

फोन न करता आल्या होत्या. मीच तर म्हटलं होतं, कधीही या. ठेवणीतली जांभळी साडी, हातात शेवंतीचा गजरा, दोन बस बदलून आल्यामुळे चेहरा घामेजलेला. हॉलमध्ये दहा-बारा बायका बसल्या होत्या. सासूबाईंनी दार उघडलं होतं, त्यांनी वळून मला विचारलं, “या कोण गं?”

मी म्हणाले, “माझे ब्लाउज शिवतात त्या.”

सासूबाई आतिथ्यशील बाई, त्यांनीच यशोदाक्कांना हाताला धरून देवघरापाशी नेलं. समई लावलेली होती. “या, दर्शन घ्या. हिच्या पणजोबांच्या वेळची देवी आहे.”

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग वाकल्या, नमस्कार केला, आणि उठताना त्यांचं बोट त्या कोपऱ्यावर गेलं. तिथे थांबलं. बोटाला लागलेलं कुंकू त्यांनी पाहिलं आणि ते कपाळाला लावलं. मग माझ्याकडे न पाहता सासूबाईंना म्हणाल्या, “जुनी दिसत्या खरी. काढणाऱ्याचा हात चांगला हुता.”

गजरा त्यांनी चित्राला वाहिला. एका बाईने विचारलं, माझेही ब्लाउज शिवाल का? तर म्हणाल्या, “आता डोळं साथ देत न्हाईत, अक्का.” सासूबाईंनी त्यांची ओटी भरली, आणि मी — मी सरबताचा पेला पुढे केला. त्या उभ्याउभ्याच प्यायल्या. “येतो,” म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं. मी लिफ्टपर्यंतसुद्धा गेले नाही. हॉलमध्ये बसलेल्यांना काय वाटेल, हा विचार मनात होता. खरंच, तेवढाच होता.

संक्रांतीनंतर मी आनेकलला गेले. कारखान्याचं काम सोडून त्या गावी परत गेल्याचं घरमालकीण म्हणाली. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. एकदा लावलाही. त्यांनी उचलला आणि विचारलं, “बऱ्या हायसा न्हवं? देवी काय म्हणत्या?” मी म्हणाले, “बरी आहे.” मग बेळगावकडे पाऊस कसा आहे, असलं काहीतरी विचारून मी फोन ठेवला. त्याला चार वर्षं होतील.

मी रोज दिवा लावते. समोर बसते. आईसारखं बोलायला जाते — मंगळवारी मुद्दाम. तोंडातून शब्द फुटत नाही. ती पाठमोरी बाई तिचं बोलत असते, आणि मी मागे.

गेल्या महिन्यात मुलगी कॉलेजच्या कामासाठी घरातल्या जुन्या वस्तूंची माहिती लिहीत होती. चित्राचा फोटो चिकटवून झाला होता. तिने विचारलं, “आई, काढणाऱ्याचं नाव काही माहीत आहे का गं? कुणाला तरी आठवत असेल ना?”

घरात आम्ही दोघीच होतो. ती पेन घेऊन थांबली होती. इतक्या वर्षांत हे नाव मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

“विठोबा,” मी म्हणाले. “विठोबा चितारी. गावातलेच कुणी होते.”

असा कुणी नव्हता. तिने ते नाव सुंदर अक्षरात लिहून घेतलं.