अक्काचे चाळीस कट्टे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला धड माहीत नाही – तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही.

मी सोलापुरात एका शाळेत पाचवीला शिकवते. शाळेत मला ‘आभारवाल्या बाई’ म्हणतात. शेवटच्या तासाला माझ्या वर्गातली पोरं एक वही काढतात आणि आज आपल्यासाठी कुणी काय केलं ते आठवून तीन ओळी लिहितात. डबा कुणी भरला, रिक्षात कुणी सरकून जागा दिली – असं. मीही लिहिते. चौदा वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. आता दुसऱ्या शाळा मला भाषणाला बोलावतात, शाल देतात. कपाटात शाली ठेवायला जागा उरली नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी विचारतात – बाई, हे तुम्हाला सुचलं कसं? मी सांगते, आईमुळं. आई रोज संध्याकाळी मला जवळ घ्यायची आणि विचारायची, आज कुणाचे आभार मानायचे गं? बायका डोळ्यांना पदर लावतात. आमच्या शाळेच्या जिन्यात आईचा फोटो लावलाय, खाली हीच गोष्ट सुबक अक्षरात लिहिलीय. रोज त्याच जिन्यानं वर्गात जाते मी.

आई अशी कधी बसली नाही. कशी बसेल? मी सात वर्षांची असताना तिला टीबी झाला आणि ती मोहोळला मामाकडं गेली, ती दोन वर्षांनी परत आली. वडील यंत्रमागावर, आज ही पाळी तर उद्या ती. मला सांभाळलं शेजारच्या नरसम्मानं. मी तिला अक्का म्हणायचे. घरात तेलुगू, पदरात स्वतःची तीन पोरं, त्यात मी चौथी. आणि ती विड्या वळायची.

विड्या वळताना कधी पाहिलंय का तुम्ही? मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. पंचवीस विड्या झाल्या की दोऱ्यानं बांधायच्या – तो एक कट्टा. दिवसाला हजार विड्या, म्हणजे चाळीस कट्टे. अक्काची एक रीत होती, तिच्या आईकडून आलेली. कट्ट्याला गाठ मारताना एका माणसाचं नाव घ्यायचं, ज्यानं आपलं काही भलं केलं. एका दिवसात एक नाव दोनदा घ्यायचं नाही.

रोज चाळीस नावं कुठनं आणायची, सांगा बरं? पहिली दहा पटकन व्हायची. मग डोकं खाजवायला लागायचं. नळावर जिनं आपली घागर आधी लावू दिली ती. कारखान्यात विड्या तपासून घेताना जो आज खेकसला नाही तो. मी शेजारी बसून दोरा तोडून द्यायचे आणि नावं सुचवायचे. तिसाव्या गाठीपाशी गाडी अडली की अक्का म्हणायची, “आठव की, लई लोक हायती.” आणि असायचेच. आईच्या आठवणीनं मला रडू आलं, की ती दोऱ्याचं टोक माझ्या हातात द्यायची – तू बांध, आईचं नाव घे, ती तिकडं तुझ्यासाठीच बरी होतीया. त्या दोन वर्षांत मी तगले ती त्या सुपापाशी.

म्हणजे बघा – वही माझी नाही. तीन ओळीही माझ्या नाहीत. अक्काच्या चाळीस गाठींतल्या तीन उचलल्या मी, आणि वर आईचं नाव लावलं.

का? शाळेत माझ्या केसांना तंबाखूचा वास यायचा. अक्का वेणी घालायची ना. मुली नाक दाबून सरकून बसायच्या, ‘विडीवाली’ म्हणायच्या. पण किती वर्षं झाली त्याला? मी शाळेत बाई झाले, नवी पेठेतनं साड्या घ्यायला लागले, आणि पहिल्यांदा पालकांसमोर कुणी विचारलं तेव्हा माझ्या जिभेवर ‘अक्का’ आलं होतं – आलं होतं, मला पक्कं आठवतंय – आणि मी ते गिळून ‘आई’ म्हणाले. एवढं सोपं होतं ते.

पण खरी गोष्ट ही नाहीच. मी आपली गोल गोल फिरतेय.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमात आईचा सत्कार झाला. नारळ, साडी, टाळ्या. आणि मला तिसऱ्या रांगेत अक्का दिसली. तिची नात श्रावणी आमच्याच शाळेत होती, हे मला माहीत नव्हतं. तिनं माझं सगळं भाषण ऐकलं. आई रोज मला जवळ घ्यायची – हे पण. कार्यक्रम संपल्यावर ती कडेकडेनं पुढं आली आणि तिनं माझ्या गालावर हात ठेवला. हाताला तोच वास. मोठ्या बाई शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, कोण या?

मी म्हणाले, “लहानपणी आमच्याकडं कामाला होत्या.”

बास. हेच ते. नुसतं ‘शेजारीण’ म्हणाले असते तरी चाललं असतं की नाही? पण नाही. जिनं भरवलं, तिला मी धुणंभांडीवाली केलं, तिच्याच तोंडावर.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तर मोठ्या बाईंना म्हणाली, “व्हय बाई, कामाला होते की. पोरगी लई गुणाची.” आणि नातीचा हात धरून गेली. आई माझ्या बाजूलाच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि हातातल्या नारळाकडं बघत राहिली.

आई माझ्याकडंच राहते. तेव्हापासून आम्हा दोघींना माहीत आहे. पाहुणे आले की आई सत्काराचा फोटो दाखवते, म्हणते, मीच लावली हिला सवय. माझ्यावाचून गेलेली ती दोन वर्षं तिला अशी परत मिळालीत. मी पोहे पुढं करते. सगळ्यांना खरं काय ते सांगायचं, तर आधी आईच्या हातातनं तो फोटो काढून घ्यावा लागेल – असं मी स्वतःला सांगत असते. पण आईचं नाव नुसतं पुढं करायला आहे. ती नसती तरी मी गप्पच बसले असते. अक्काचं घर शाळेपासून चालत वीस मिनिटांवर आहे. मी एकदाही गेले नाही.

यंदा श्रावणी माझ्या वर्गात आली. रोज तिची वही माझ्या हातात येते. गेल्या सोमवारी तिनं लिहिलं होतं – ‘आजीला आता नीट दिसत नाही. पूर्वी तिचे चाळीस कट्टे व्हायचे, आता दहाच होतात. म्हणून ती दहाच नावं घेते. त्यात रोज आमच्या बाईंचं नाव असतं. मी आजीचे आभार मानते.’

चाळिसातनं तीस नावं गळली, आणि मी राहिले.

पोरगी टेबलापाशी उभी होती. मी लाल पेन घेतला, खाली ‘छान’ लिहिलं, सही केली आणि पुढची वही ओढली.

माझ्या स्वतःच्या चौदा वर्षांच्या वह्या वर माळ्यावर आहेत. परवा सगळ्या काढून पाहिल्या. दूधवाल्याचं नाव आहे, रिक्षावाल्याचं आहे, एकदा तर वीज लवकर आली म्हणून वायरमनचं आहे. अक्काचं कुठंच नाही. आजच्याही तीन ओळी लिहून झाल्यात. पाच दिवसांनी का होईना, नळाला पाणी आलं. आईनं पोटभर जेवण केलं. श्रावणीनं फळा पुसून दिला.