बंद करण्याची रीत

कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या भुवयांवर रुईचे तूस बसते. घरी जाऊन तोंड धुतले तरी कानामागे थोडे राहतेच. किस्स्यांचेही तसेच आहे. कोणी गोळा करायला जात नाही, चिकटून येतात. मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षे काढली. शिक्षण सातवी. पण आत काय चालू आहे आणि काय बंद आहे हे माझ्याइतके तिथे कोणाला कळत नव्हते. मालकालाही नाही. चहाच्या टपरीवर बसलो की लोक म्हणतात, "गावंडेजी, सांगा एखादा." आज कॉम्प्युटरवाल्या हंगामाचे सांगतो.

*

आधी बंद करण्याचे सांगतो, कारण ते माझे काम होते.

पुष्कळ वर्षांमागे एक मोटर चालू राहिली आणि बाहेरून कुलूप लागले. आतल्या रुईने पेट घेतला. प्रेसवरचा गेमसिंग राठोड धुरात शिरला आणि त्याने मेन स्विच ओढला. जिनिंग वाचली. गेमसिंगच्या उजव्या हाताची तीन बोटे मात्र एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. पुढे तो त्याच हाताने तंबाखू मळायचा आणि म्हणायचा, "गावंडे, आता एक बोट जाड झालं, मळाले सोपं."

त्या दिवसापासून संध्याकाळची घंटा झाली की मेन मी ओढायचो. मग पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. दिवाळी असो, पाहुणे असोत. एक दिवस चुकला नाही.

*

गेमसिंग वारला. दोन वर्षांनी त्याची पोरगी शीला शेठकडे आली. यवतमाळला कॉम्प्युटर शिकलेली.

आमच्याकडे कापसातून सरकी वेगळी होते आणि रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. प्रत्येक गाठीला तिचा नंबर. शेठला ते सगळे कॉम्प्युटरवर हवे होते. नागपूरची एक कंपनी येऊन पाहून गेली होती. शीला म्हणाली, "शेठजी, मी बनवून देईन प्रोग्राम."

शेठने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाले, "गेमसिंगची पोरगी हायेस म्हणून एक हंगाम देतो. नंबर इकडचा तिकडे झाला, तर नागपूरवाले येतील. फिर मुझे मत बोलना."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "काकाजी, हे टिकलं तं मले पुण्याले जा लागत नाही. तांड्यावर याडी एकटी हाये."

याडी म्हणजे तिची आई. डोळ्यांनी अधू.

मी म्हटले, "टिकवजो मंग."

*

प्रेसजवळ काचेची एक केबिन होती. तिथे शेठच्या घरचा जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. शीला दिवसभर त्यावर काही लिहीत बसायची. आमचा अन्वर मिस्त्री रोज काचेला नाक लावून पाहायचा. एकदा त्याने विचारले, "बेटा, इतक्या खिडक्या, इतकी बटनं, हे सगळं तू हातानं घडवते का?"

"नाही चाचा. टूलकिट असते. त्यात खिडकी, बटन, पट्टी सगळं तयार भेटते."

"म्हंजे पान्याची पेटी."

"तशीच. फक्त कवा उघडायचं, कवा थांबायचं अन् मिटायच्या आधी काय करायचं, ते आपण सांगा लागते."

अन्वर माझ्याकडे वळून म्हणाला, "गावंडे, तुमचंच काम दिसते."

मला ते आवडले नाही.

*

उघडायला मी एका दिवसात शिकलो. चित्रावर दोनदा टिचकी. पहिल्यांदा मी दार ठोठावतात तसे केले. एकदा ठोकले, थांबलो, परत ठोकले. दार उघडले नाही. शीला म्हणाली, "काकाजी, लवकर लवकर. वाट पाहू नका कोणाची."

मिटायचे मात्र अवघड गेले. खिडकीच्या कोपऱ्यात एक फुली होती. शीला म्हणाली ती दाबा. मी दाबली नाही. शाळेत मास्तर गणितावर फुली मारायचे, तेव्हा छडी पण बसायची. फुली म्हणजे चूक. ती आपल्या हाताने कशाला मारायची? मी खिडकी तशीच ठेवायचो. जेवून आलो की नवी उघडायचो.

एके दिवशी कॉम्प्युटर बैलासारखा बसला. शीलाने पाहिले तर आत चौदा खिडक्या. चौदाही आपापला नंबर धरून बसलेल्या.

"काकाजी, बंद काहून नाही केल्या?"

"फुली मारा लागते."

ती हसली नाही. अन्वर हसला. "मास्तर मेले मियां, अजून छडीचं भेव हाये तुमाले?"

दुसऱ्या दिवशी तिने प्रोग्राम बदलला. एक खिडकी उघडी असताना दुसरी उघडायला गेले की पहिलीच पुढे यायची. फुलीच्या बाजूला तिने माझ्यासाठी मराठीत लिहिले, "काम संपले."

*

अन्वरने त्या कॉम्प्युटरला एकदाच हात लावला. फुलीच्या शेजारी एक आडवी रेघ असते, ती दाबली. खिडकी गायब. अन्वर घामाघूम. प्रेसवर हमाल थांबले, गाठ तशीच दाबात. कोणी म्हणाले प्रोग्राम उडाला, कोणी म्हणाले मिस्त्रीने जाळला. शीला बाजूला चहा घेत होती. धावत आली, खालच्या पट्टीवर बोट ठेवले आणि खिडकी वर आली.

"मेलं नव्हतं चाचा. खाली जाऊन बसलं होतं."

अन्वरने कपाळ पुसले. म्हणाला, "आपल्या मुकरदमासारखं. जिवंत असते, पण दिसत नाही."

हमालांचा मुकरदम मागेच उभा होता. तीन दिवस त्याने अन्वरला तंबाखू दिली नाही.

*

डिसेंबरात कापूस वाढला. गाठीमागून गाठ येऊ लागली आणि खिडकी अधूनमधून पांढरी पडू लागली. बटण दाबा, काही होत नाही. पांढरे कापड पांघरल्यासारखी. नेमके तेव्हाच शेठ आले.

"क्या हुआ? बंद पडला ना? मी म्हटलं होतं."

"नाही शेठजी, काम करून राह्यलं. थोडं थांबा."

"ये काम करना है?"

शीलाने मला समजावले ते असे. प्रोग्रामात एकच हमाल होता. तोच गाठ मोजायचा, तोच लेबल छापायचा आणि तोच प्रत्येक गाठ आतल्या डिस्कवर लिहून ठेवायचा. कॉम्प्युटर जुना, लिहायला वेळ लागायचा. हमाल लिहीत असताना हाक मारली तर ओ कोण देणार?

"मंग दुसरा हमाल ठेव," मी म्हटले.

"छापाले ठेवला. पण लिहायचं तरी जड जाते ह्या मशीनले. शेठजीले नवी मागितली, तं म्हणाले पुढच्या हंगामात." मग जरा थांबून म्हणाली, "असं करीन. दिवसभराच्या गाठी प्रोग्रामच्या पोटात ठेवीन. संध्याकाळी फुली दाबली का सगळं एकदम लिहीन. म्हणून काकाजी, फुलीनंच बंद करजा. अर्धं मिनिट लागते. त्याच्या आधी लाइट जाऊ देऊ नका."

लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबाही तिने मागितला होता. शेठ म्हणाले, पहले चला के दिखाओ.

त्यानंतर खिडकी पांढरी पडली नाही. शेठ आठ दिवस बोलले नाहीत. शेठचे न बोलणे म्हणजे शाबासकी.

*

आता माझा किस्सा.

कोणी चुकून फुली दाबू नये म्हणून शीलाने एक प्रश्न घातला. फुली दाबली की मधोमध पाटी यायची, "खरंच बंद करायचे? होय. नाही."

घंटा झालेली. हमाल हात झटकून निघालेले. मी फुली दाबतो आणि हे मला विचारते, खरंच? तीस वर्षांत असे मला शेठच्या बापानेही विचारले नव्हते. मी "नाही" दाबले. म्हणजे नाही, विचारू नको. खिडकी तशीच. परत फुली, परत प्रश्न, परत नाही. अन्वर दारात उभा राहून पाहत होता.

"गावंडे, भांडून राह्यले का तिच्यासंग?"

मी उठलो. सरळ पेटीकडे गेलो आणि मेन ओढला. केबिनचा दिवा त्याच मेनवर होता. सगळे एकदम विझले. खिडकीही, तिचा प्रश्नही.

"असं बंद करतात," मी अन्वरला म्हटले.

शीला घंटेपर्यंत थांबली तर फुली तीच दाबायची. ज्या दिवशी तिला याडीसाठी लवकरची बस धरायची असायची, त्या दिवशी केबिन माझ्याकडे. मी परत कधी त्या प्रश्नाला उत्तर दिले नाही.

*

जानेवारीत नंबर चुकू लागले. एखाद्या सकाळी प्रोग्राम उघडला की आदल्या दिवसाच्या गाठी नाहीत. जिथे त्याच्या आदल्या दिवशी थांबला होता, तिथूनच पुढे मोजायचा. एकाच नंबरच्या दोन दोन गाठी होऊ लागल्या.

शीला केबिनमधून उठेना. आपले लिहिलेले ओळ ओळ वाचायची. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. अन्वर म्हणाला, "बेटा, जेव तरी." ती म्हणाली, "चाचा, कुठं गळून राह्यलं ते सापडून नाही राह्यलं."

एकदा तिने मला विचारले, "काकाजी, सायंकाळी बंद कसं करता?"

"बंद करतो."

"फुली दाबता ना?"

"बंद करतो म्हटलं ना."

तिने मान खाली घातली. पुन्हा विचारले नाही. गेमसिंगही मोठ्या माणसाला दोनदा विचारत नसे.

*

सूतगिरणीने एक ट्रक परत पाठवला. जोडीजोडीने एकाच नंबरच्या गाठी निघाल्या होत्या. शेठने तिघांना ऑफिसात बोलावले, शीलाला, अन्वरला आणि मला.

शीलाच्या हातात एक कागद होता. ती तो उलगडत होती.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, मशीनमें कुछ?"

"नाही शेठ. मशीन ठीक हाये." अन्वरने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहत होतो. मेन ओढल्याचे त्याने सांगितले नाही. आमची एका ताटातली भाकर होती.

"गावंडे, तुम्ही बोला. बंद बरोबर होत होते?"

मी म्हटले, "शेठ, तीस वर्षांत माझ्या हातून बंद करण्यात चूक झाली नाही."

शीलाने माझ्याकडे पाहिले. मग हातातला कागद परत घडी केला. एक घडी, दोन घड्या, चार.

"तुझं काही म्हणणं?" शेठने विचारले.

"नाही शेठजी."

"मग नागपूरवाल्यांना फोन करतो. हा हंगाम संपेपर्यंत तू पाहा."

ती घडी मला नंतर केबिनमध्ये टेबलाखाली सापडली. दोन रकाने होते. "उघडले" आणि "बंद झाले". प्रोग्राम रोज स्वतःच लिहायचा. अकरा दिवसांपुढे उघडल्याची वेळ होती आणि दुसरा रकाना कोरा. ते अकरा दिवस कोणते, हे मला कागद न पाहताही सांगता आले असते. कुठेही फुली मारलेली नव्हती.

कागद मी खिशात घातला.

*

हंगामाच्या शेवटच्या दिवशी प्रेस दुपारीच थांबला. हमाल निघून गेले. सरकी काढणारे रेचे थंड. नागपूरवाल्यांचा नवा कॉम्प्युटर खोक्यात बांधलेला बाहेर येऊन पडला होता आणि त्याच्याजवळ बॅटरीचा डबा. शीलाची पिशवी दाराशी होती. आधी यवतमाळ, तिथून पुण्याची गाडी. याडीला नेरला मावशीकडे पोचवून आली होती.

मी पेटीचे कुलूप काढून उभा होतो. तेवढ्यात ती आत आली. केबिनमध्ये बसली. फुली दाबली. प्रश्न आला असेल, काचेतून मला अक्षरे दिसत नव्हती. तिने आणखी एकदा दाबले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. अर्धे मिनिट. मी मोजले.

मग तिने कॉम्प्युटर बंद केला आणि पडदा काळा झाला. ती उठली, पिशवी खांद्यावर घेतली आणि माझ्याजवळ येऊन थांबली. माझ्या हाताकडे पाहिले. तो स्विचवर होता.

"आता ओढा, काकाजी," ती म्हणाली.

घंटा व्हायला अजून वेळ होता. मी ओढला.