दुधातली दुसरी साखर

माझी मुलगी जन्मली तेव्हा आम्हाला पुण्याहून बंगळूरजवळच्या येलहंक्याला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पाचव्या दिवसापासून ती दूध ओढेनाशी झाली. प्यायली तरी ओकून टाकायची. अंग पिवळं पडत चाललं. आठव्या दिवशी तळपाय चोळले तरी डोळे उघडेना, तेव्हा आम्ही तिला घेऊन मल्लेश्वरमच्या एका छोट्या रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाई अनेक पिढ्या बंगळूरला राहिलेल्या मराठी घरातल्या होत्या. त्यांनी बाळाचं पोट चाचपलं, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, लघवी तपासायला पाठवली. तासाभराने येऊन म्हणाल्या, "आत्तापासून तुमचं दूध बंद. एक थेंबही नको."

"माझ्या दुधात काय दोष आहे?" मी विचारलं. मला रडू आवरेना.

"काहीच नाही. स्वल्प बसा, सांगते." असं कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणत त्या माझ्याशेजारी खाटेवर टेकल्या. "दुधातली साखर पोटात गेली की तिच्या दोन साखरा होतात. एक ग्लुकोज, ती शरीर लगेच वापरतं. दुसरी गॅलॅक्टोज. तिचं ग्लुकोज करायला यकृताच्या पेशींत काही एन्झाइम ओळीने काम करतात. एकाचं झालं की पुढच्याचं. बाळाचं मधलं एक एन्झाइम बहुधा काम करत नाही. त्यामुळे साखर अर्ध्या वाटेत साचते आणि तिचंच विष होतं. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, तोवर थांबायचं नाही."

नवऱ्याने विचारलं, "पण आम्हाला दोघांना तर काही त्रास नाही."

"तुमच्याकडे त्या एन्झाइमच्या जनुकाची एकेक चांगली प्रत असणार. तेवढ्यावर भागतं. तिला दोघांकडून बिघडलेलीच मिळाली."

मी तीस वर्षं दूध पीत आले होते. प्रत्येक घोटाबरोबर माझ्या आत हे एवढं काम चालू होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

बाळाला सलाइन लावली, मग सोयाबीनचं दूध सुरू केलं. माझा पान्हा काही थांबत नव्हता. मी न्हाणीघरात जाऊन दूध पिळून टाकायची आणि नळ सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी तिची उलटी थांबली. चौथ्या दिवशी सकाळी नर्स सुई टोचायला आली आणि बाळ असं काही किंचाळलं की शेजारच्या खाटेवरची आजी हसली. आठवड्यात पिवळेपणा उतरू लागला. औषध असं फारसं दिलंच नव्हतं. फक्त एक गोष्ट द्यायची थांबवली होती. पुढे रिपोर्टही तोच आला.

आम्ही घरी निघताना डॉक्टरबाईंनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आधी मुद्दाम सांगितली नव्हती. बाळाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात झाली होती. त्या साखरेपासून बनलेला पदार्थ भिंगात साठून ते गढूळ झालं होतं. "लवकर कळलंय. निवळेल कदाचित," त्या म्हणाल्या.

तीन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांनी मला त्यांच्या यंत्रातून पाहू दिलं. दोन्ही भिंगं स्वच्छ होती. कोणी हात लावला नव्हता, काही कापलं नव्हतं. पेशींनी आपलं आपण आवरून घेतलं होतं. मी डोळा यंत्रावरून काढला तेव्हा मुलगी नवऱ्याच्या मांडीवरून माझ्याकडेच टक लावून बघत होती. तिला मी स्पष्ट दिसत होते.