उमरीकर सरांचा निनावी अर्ज

अहमदपुरात रेणुकादास उमरीकर कोण, असं विचारलं तर चार माणसं डोकं खाजवतील. पण ‘ड्रॉइंगचे सर’ म्हटलं की रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडतो. चौतीस वर्षं एकाच शाळेत चित्रकला शिकवली. फ्लेक्स यायच्या आधी गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. शाळेतली प्रमाणपत्रं, फळ्यावरचे सुविचार, मुतारीच्या भिंतीवरचं ‘स्वच्छता राखा’, सगळीकडे तेच टपोरं अक्षर. माणूस सज्जन, निर्व्यसनी, वेळेचा पक्का. खोड म्हणाल तर एकच. दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना पाहवत नसे.

ही खोड काही म्हातारपणी लागलेली नव्हे. लहानपणी उमरीला धाकट्या भावाला नवी सायकल आली, तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते. फ्लेक्सचं दुकान गावात निघालं, तर त्या रस्त्यानं जायचंच त्यांनी बंद केलं. सौदामिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, “तुमच्या पोटात चूल आहे. दुसऱ्याच्या घरी पोळी फुगली की इकडे जाळ होतो.” सर यावर चिडत, पण खोटं आहे असं कधी म्हणाले नाहीत.

तर अशा माणसाच्या शेजारी संस्थेनं गेल्या जूनमध्ये तनुजा कल्याणकर आणून बसवली. सर येत्या मे महिन्यात निवृत्त होणार. त्यांच्या जागेवर हिला वर्षभर तात्पुरती घ्यायची, काम बघायचं आणि मग कायम करायचं, असा ठराव झाला होता. मुलगी सत्तावीस वर्षांची, अर्धापूरकडची, वडिलांची केळीची बाग. पहिल्या दिवशी सर मोठ्या मनानं म्हणाले, “काही अडलं तर विचारत जा.” तिचं काही अडेना. सरांचं सगळं तिथंच अडलं.

सरांच्या कपाटात वस्तुचित्रासाठी मेणाची फळं होती. दोन सफरचंदं, एक पेरू आणि द्राक्षांचा घड, वीस वर्षं तीच. मुलांनी लांबून बघायचं, हात लावायचा नाही. तनुजानं गावाहून येताना केळीच्या चार फण्या मांडीवर घेऊन आणल्या. मुलांनी त्या टेबलावर मांडल्या, कागदावर काढल्या आणि तास संपायच्या आत खाऊनही टाकल्या. सर दारात येऊन उभे राहिले.

“वर्गात सालपटं?”

“सर, तुम्हीबी घ्या की. घरची हायेत,” तनुजा म्हणाली.

सरांनी घेतलं नाही. वास मात्र दिवसभर नाकात बसला.

पण केळ्यांचं काय, ते गिळलं असतं त्यांनी. खरी ठिणगी पडली ती कलेच्या इतिहासावरून. सरांची पद्धत अशी की फळ्यावर रेखीव अक्षरात लिहायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं. चित्रकाराचं नाव, जन्म, मृत्यू, दोन प्रसिद्ध चित्रं, आणि शेवटी ‘छायाप्रकाशाचा प्रभावी वापर’. हे शेवटचं वाक्य कुठल्याही चित्रकाराला चालायचं. तनुजा काहीच लिहून देत नसे. ती पडदे ओढून भिंतीवर एकच चित्र पाडायची आणि तासभर पोरांना बोलतं करायची. “ही बाई आपल्या गल्लीत ऱ्हायला आली तर काय करत असंल? हिच्या जागी तुमच्या घरातलं कोण बसंल?” मग मुलांनी ते जुनं चित्र आपल्या डोळ्यांनी पुन्हा काढायचं.

आणि पोरं काढायला लागली. नववीतल्या एकीनं मोनालिसाला डोक्यावर पदर देऊन पाहण्याच्या कार्यक्रमात बसवलं. हात तसेच एकावर एक, हसू तेच, समोर पोह्यांच्या बश्या. कुणी शेतात वाकून कणसं वेचणाऱ्या त्या तीन फ्रेंच बायकांना सोयाबीनचा सरवा वेचायला लावलं. एकानं व्हॅन गॉगची खोली म्हणून लातुरातली क्लासवाल्या पोरांची खोली काढली. त्याचा थोरला भाऊ तिथं डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करतो. तोच पलंग, तीच खुर्ची, फक्त भिंतीवर चित्रांच्या जागी रसायनशास्त्राची सूत्रं. मधल्या सुट्टीत शिक्षकसुद्धा तिच्या वर्गात डोकावू लागले. गणिताचे मास्तर, ज्यांनी आयुष्यात कॅलेंडर सोडून दुसरं चित्र पाहिलं नव्हतं, तेही मोनालिसासमोर उभे राहून हसले. सरांच्या वर्गाबाहेर चौतीस वर्षांत कुणी उभं राहिलं नव्हतं.

तरी सर अजून तग धरून होते, कारण सुकन्या त्यांची होती.

सुकन्या मुंडकर दहावीत. खेड्यावरून एसटीनं येणारी, अबोल. सहावीत असताना तिनं वहीच्या मागच्या पानावर काढलेली शेळी सरांनी पाहिली आणि तेव्हापासून तिला पंखाखाली घेतलं. रोज मधल्या सुट्टीत ती सरांच्या टेबलाशी. चित्रकलेच्या सरकारी परीक्षांत एलिमेंटरीला ए ग्रेड, इंटरमिजिएटला ए ग्रेड. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत तिच्या बैलपोळ्याच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. “ही पोरगी मुंबईला मोठ्या कॉलेजात जाणार,” असं सर भाजी घेतानासुद्धा सांगत. स्वतः ते नांदेडला डिप्लोमा करून थांबले होते; मुंबई राहूनच गेली होती. ती आता सुकन्याच्या पायांनी गाठायची, एवढी एकच इच्छा निवृत्तीआधी उरलेली.

दिवाळीनंतर सुकन्या मधल्या सुट्टीत येईनाशी झाली. चार दिवस सरांनी वाट पाहिली. पाचव्या दिवशी ती तनुजाच्या वर्गात जमिनीवर मोठा कागद पसरून बसलेली दिसली. तनुजा तिच्याजवळ नव्हतीसुद्धा, खिडकीत उभी राहून कुणाशी तरी बोलत होती. सर आत गेले तर सुकन्यानं कागदावर ओढणी टाकली.

“काय काढायलीस?”

“झाल्यावर दाखवीन, सर.”

पाच वर्षांत तिनं त्यांच्यापासून रेघ लपवली नव्हती. त्या दिवशी सर घरी गेले ते चपला न काढताच पलंगावर बसले. आपल्या लेकीनं दुसऱ्या कुणाला बाप म्हणावं तसं त्यांना वाटलं, आणि ते त्यांना सहन झालं नाही.

रविवारी दुपारी सौदामिनीबाई भजनाला गेल्या आणि सरांनी अर्ज लिहायला घेतला. ‘सदर शिक्षिका थोर कलाकृतींची विटंबना करून घेत आहेत. अभ्यासक्रम मागे पडला आहे. ग्रेड परीक्षेचा निकाल घसरण्याची दाट शक्यता आहे. यांना कायम करू नये.’ खाली ‘एक जागरूक पालक’. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं, मुद्दाम वाकडं. लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्यांनी तो कागद तक्रारपेटीत टाकला. पेटीवरची ‘तक्रारपेटी’ ही अक्षरंही त्यांचीच होती.

बुधवारी हेडमास्तरांनी बोलावलं. हेडमास्तर आदिनाथ नागरगोजे म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. चित्रकलेत कायम काठावर पास.

“बसा सर. तनुजा मॅडमविरुद्ध निनावी अर्ज आलाय.” त्यानं कागद उजेडाकडे धरला. “पालक लई टापटीप हाय. आधी पेन्सिलीनं रेघा मारल्या, मग लिहिलं, मग रेघा खोडल्या. चारी बाजूंनी अर्ध्या इंचाचा समास सोडलाय. आणि कागद बघा, ड्रॉइंगचा हाय.”

सरांनी हात वाकडा केला होता, पण रेघ मारल्याशिवाय अक्षर लिहायचं हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. चोरी करायला गेलेला सोनार जाताना तराजू पुसून ठेवतो, त्यातली गत.

“असतात काही पालक,” सर म्हणाले.

“हाव, असतात.” नागरगोजे हसला नाही. “शनिवारी पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन हाय. चित्रं हॉलमध्ये लागलीत. तुमच्यापेक्षा जाणकार कोण हाय आपल्याकडं? तुम्हीच चौकशी करा आन् उद्या अहवाल द्या. तुम्ही लिहाल ते मी संस्थेला कळवीन. विटंबना म्हणलात, तर विटंबना.”

असा सुरा कुणी मखमलीत गुंडाळून हातात दिला नसेल. तनुजाची नोकरी आता सरांच्या एका वाक्यावर होती.

सर तडक हॉलमध्ये गेले. हॉल रिकामा होता. तक्रारीला आधार सापडावा म्हणून ते एकेका चित्रातल्या चुका काढत चालले. या हाताला सहा बोटं वाटतात. या घराचा क्षितिजाशी मेळ नाही. मोनालिसाचे पोहे हिरवे झालेत. चुका भरपूर होत्या, आणि दर चुकीमागं त्यांना बरं वाटत होतं. पण लातूरच्या त्या खोलीपाशी ते नको इतका वेळ थांबले. पलंगाखाली घरून आलेला डबा होता, न उघडलेला. असा डबा आपल्या वर्गात कुणी कधी काढला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि पुन्हा जाळ झाला.

शेवटच्या भिंतीवर सुकन्याचं चित्र. खाली तिच्या अक्षरात चिठ्ठी: ‘मूळ चित्र: रेम्ब्रां, डॉक्टर प्रेत फाडून शिकवतात ते. माझं चित्र: सर दुरुस्ती करतात. सुकन्या वैजनाथ मुंडकर, दहावी ब.’

मूळ चित्र सरांना पाठ होतं. टेबलावर प्रेत, बाजूला चिमट्यानं हाताचे स्नायू उचलून दाखवणारा डॉक्टर, भोवती वाकलेली शिकाऊ मंडळी. सुकन्याच्या चित्रात टेबल सरांचं होतं. डॉक्टरच्या जागी सर, पांढरा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा, मानेवरचा तीळसुद्धा जागच्या जागी. भोवती सात पोरं, डोळे विस्फारून बघणारी. आणि प्रेताच्या जागी टेबलावर पसरलेलं एक चित्र, बैलपोळ्याचं. बैलाचे दोन पाय खोडलेले, त्यावर सरांची पेन्सिल टेकलेली. टेबलाच्या कडेला एका मुलीचा रिकामा हात पडलेला होता, डॉक्टरच्या टेबलावरच्या त्या प्रेताच्या हातासारखा.

सरांना तो दिवस आठवला. बैलाचे पाय त्यांनीच पुन्हा काढले होते. आभाळही. झूलसुद्धा थोडी. स्पर्धेला जायचं म्हणजे असं चालतं का? बक्षीस मिळालं तेव्हा सुकन्यानं फोटोला उभं राहायला नकार दिला. सरांना वाटलं, लाजली. आता त्यांना कळलं. बक्षीस तिला मिळालंच नव्हतं.

चित्रातला त्यांचा कान चुकला होता, चांगला बोटभर खाली सरकलेला. हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. तनुजाला हा कान दिसला नसेल असं नव्हतं. दिसला होता आणि तरीही तिनं तो तसाच ठेवला होता, आणि चौतीस वर्षांत आपल्याला हे एकदाही जमलं नाही, याचा सरांना इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. सुकन्यानं आपल्याविरुद्ध तक्रार केली होती. पण ती सगळ्या गावासमोर लावली होती आणि खाली पूर्ण नाव घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नागरगोजेसमोर अहवाल ठेवला. ‘तक्रारीत तथ्य नाही. चित्रे विद्यार्थ्यांनी स्वतः काढली आहेत. त्यांवर शिक्षकाचा हात नाही. श्रीमती कल्याणकर यांना कायम करावे.’ हे शेवटचं वाक्य त्यांनी घरी तीनदा फाडलं होतं.

नागरगोजेनं वाचलं आणि मोठा श्वास सोडला. “झालं तर मग. अर्ज दप्तरी दाखल करतो. निनावी अर्जाचा कुणाला पत्ता बी लागत न्हाई, सर. विषय संपला.”

“आण इकडे तो अर्ज.”

सरांनी पेन काढलं. ‘एक जागरूक पालक’ यावर एक सरळ रेघ ओढली आणि खाली उजव्या हातानं लिहिलं: रेणुकादास उमरीकर, चित्रकला शिक्षक. तारीख घातली.

“काय करायलात, सर?” नागरगोजे अर्धा उठला. “आता ह्यो त्या मॅडमला दाखवावा लागंल. सहीचा अर्ज दाबून ठेवता येत न्हाई. लई मानतात त्या तुम्हाला.”

“माहीत आहे. दाखव.”

नागरगोजेनं बेल दाबून शिवकांताबाईंना तनुजा मॅडमना बोलवायला धाडलं. शिपाईणबाई लांब वरांड्याच्या टोकाला जाऊन येईपर्यंत सरांना सहज उठून जाता आलं असतं. ते खुर्चीतच बसून राहिले.