रेडिओ दुरुस्त झाला

निजामाच्या अमलात जहागीरदारांच्या मोटारीत रेडिओ बसवला, तो बीडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं. मी त्या मोटारीचा डायव्हर. मिस्त्रीचा लेक लढाईवर गेला आणि तेव्हापासून तो रेडिओ काही धड चालेना. मिस्त्री रोज बातम्यांच्या वक्ताला दुरुस्तीला यायचा, डॅशबोर्डखाली मान घालून शेवटपर्यंत ऐकायचा. मग एक तार हळूच ढिली करून म्हणायचा, "लई बिघाड हाय. उद्या येतो." मला सगळं दिसायचं. मी आपला काच पुसत राहायचो.

एक दिवस तो बातम्यांच्या आधीच आला. खिशातून पलटणीकडून आलेला लखोटा डोकावत होता. कथील वितळवून तारेला पक्का डाख दिला, पेच आवळले, हत्यारं पिशवीत भरली.

"झाला दुरुस्त."

"चाचा, बातम्या लागतील की आता," मी म्हणालो.

"तू ऐक, बेटा," म्हणाला आणि फाटकाबाहेर पडला.