ग्लुकोजची बिस्किटं आणि विटकरी रंग

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ओळखतो, पण एकेक जुळवत, दाढेखाली फुटाणा फोडावा तशी. तरी घाटकोपरच्या आमच्या चाळीत खाण्याच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचणारा पहिला माणूस मीच. हे शहाणपण फुकट आलेलं नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या हिला साखर निघाली. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, साखर-गूळ बंद केला आणि महिन्याची मुदत घातली. तेवढ्यात उतार पडला नाही तर रोज सुई. आमची ही तशी कोणाच्या बापाला भिणारी नव्हती. नळावर भांडायला उभी राहिली की बाकीच्या बायका आपापले हंडे उचलायच्या. पण सुई म्हटलं की पळत सुटायची. गावी लस टोचणारे आले तेव्हा म्हणे फणसावर चढून बसली होती, आणि तेव्हा ती काही लहान नव्हती, लग्न ठरलेलं होतं.

घरी तपासायला एक निळं औषध आणि काचेची नळी मिळाली. नळीत औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, चिमट्यात धरून उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक. हिरवं-पिवळं झालं तर थोडी साखर. विटकरी झालं तर वाट लागली. माझ्या स्टोव्हवर हे असलं काही शिजणार नाही, असं हिने बजावलं. म्हणून मी मोरीत मेणबत्ती लावून बसायचो. शेजारची विचारायची, भावजी कसलं व्रत धरलंय.

गिरणी सुटली होती, हाताला काम नव्हतं, म्हणून बाजार मी करायचो. आता माझी अक्कल बघा. आजाऱ्याला बघायला जाताना आपण काय नेतो? ग्लुकोजची बिस्किटं. इस्पितळात खाटेला बाटली टांगतात ती कसली? ग्लुकोजची. म्हणजे ग्लुकोज हे औषध. शिवाय पुड्यावर पुढच्या बाजूला ठसठशीत लिहिलेलं, शक्ती देणारी. साखरेचं नाव नाही. मी दहा पुडे उचलले. चहात घालायला ग्लुकोजच्या पावडरीचा डबाही घेतला. त्यावर दंड फुगवलेला पैलवान होता. पैलवानाला कुठे साखर असते?

"अहो, हे गोड लागतंय," ही म्हणाली.

"औषध आहे. गप खा."

तिने गप खाल्लं. वर म्हणाली, असलं औषध असेल तर आधीच आजारी पडले असते.

आठ दिवसांनी नळी उकळली तर आतलं पाणी थेट कौलाच्या रंगाचं. मी भडकलो. चोरून गूळ खातेस म्हणालो. ती नाही म्हणाली, देवाची शपथ घेतली, तरी मी तिच्यासमोर गुळाचा डबा ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माठाशी बोलायची. यांना सांग, ताट वाढलंय.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. मी आधीच तक्रार सांगून टाकली. बाईंनी विचारलं, ही दिवसभर खाते काय? मी ऐटीत पिशवीतून पुडा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी एकदा पुड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काका, ग्लुकोज म्हणजे साखरच. तुम्ही यांना दहा दिवस साखर खाऊ घातलीत."

मग त्यांनी पुडा उलटा केला. मागे मुंगीएवढ्या अक्षरात आत काय काय आहे ते छापलेलं. जे सर्वात जास्त ते आधी लिहितात, म्हणाल्या. पहिला मैदा, लगेच साखर. पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची तुमची.

मला कोणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. वीस वर्षं मी गिरणीच्या घडी खात्यात काढली होती. कापडाच्या ताग्यावर गिरणीच्या छापाचा सोनेरी वाघ मीच चिकटवायचो. आत सूत किती, पॉलिस्टर किती, हे काठावर बारीक शिक्क्यात असायचं, तोही मीच मारायचो. कापड घेताना वाघाकडे बघू नको, काठ बघ, हे सगळ्या नातेवाइकांना मी सांगत आलो. आणि बायकोला खायला घालताना पैलवान बघितला.

हिने टेबलावरचा पुडा उचलून माझ्या पिशवीत टाकला. घरी येऊन मी ट्रंकेचं कुलूप काढलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि चुकलो म्हणालो. लग्नानंतर पहिल्यांदाच. ती म्हणाली, "पुन्हा म्हणा, माठाला ऐकू आलं नाही."

बाईंनी केसपेपरच्या मागे इंग्रजीत चार शब्द लिहून दिले होते, साखरेची चार नावं. शिक्के पाठ करायचो तसे ते पाठ केले. मग वाण्याच्या दुकानात पुडे उलटे करत उभा राहू लागलो. डोळ्यांजवळ धरून, एकेक अक्षर लावत. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. वाणी वैतागला.

"काका, बिस्किट घेताय की मुलगी बघताय?"

त्याला म्हटलं, मुलगी बघताना एवढं बघितलं नव्हतं, तरी नशिबाने चांगली निघाली.

संत्र्याचं सरबत उलटं केलं तर आत संत्रं नव्हतंच, तसं बाटलीवरच लिहिलेलं. अशक्तांसाठी म्हणून विकतात त्या डब्यात दोन नंबरला साखर. एकेक करत सगळं परत फळीवर गेलं. शेवटी घरी यायचं काय, तर नाचणी, मूग आणि फुटाणे. ही कुरकुरायची, पण खायची. माझ्या शहाणपणावर विश्वास नव्हता, सुईवर होता.

महिना भरला तेव्हा बाईंनी स्वतः नळी उकळली. ही भिंतीकडे तोंड करून उभी. मी बघत होतो. निळं उकळलं, जरा हिरवट झालं आणि तिथेच थांबलं.

"सुई नको. गोळ्याच चालू ठेवा."

बाईंचं मत बदलायच्या आत ही चपला घालून रस्त्यावर. मला धावत गाठावी लागली.

पुढे बारा वर्षं गोळ्यांवर काढली तिने. गेली ती हृदयाने, साखरेने नाही. लोक समाचाराला आले तेव्हा मी प्रत्येकाला हेच सांगत बसलो, त्यांना ऐकायचं नसलं तरी. साखरेची सुई तिला कधी टोचली नाही. एवढं एक काम माझ्या हातून धड झालं.