एकाच इस्पितळापुरता परवाना

सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक उपसंचालक बसतात. दारावरच्या पाटीत कक्षाचं नाव दोन ओळींतही मावत नाही, म्हणून खालच्या मजल्यांवरचे लोक त्या खोलीला नुसतं 'गोठवणी' म्हणतात. उपसंचालकांना समोर सगळे साहेब म्हणतात आणि पाठीमागे कुलूपकाका. हे त्यांना ठाऊक आहे. एकदा चहावाल्यानंच चुकून तोंडावर म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी साखर कमी घालायला सांगितलं आणि विषय संपवला.

काम असं. दहशतवादाला पैसा पुरवल्याचा ज्यांच्यावर संशय आहे, त्यांची यादी वरून येते. कुलूपकाका ती बँकांना कळवतात आणि चोवीस तासांत त्या माणसांची खाती गोठतात. अशा माणसाला कुणी पैसे द्यायचे नाहीत, उसने नाहीत, उधारीवर माल नाही, सेवाही नाही. दिलं तर देणाराही गुन्हेगार. पण यादीतल्या माणसालाही पोट असतं, भाडं असतं, दुखणंखुपणं असतं. तेवढ्यापुरते त्याचेच पैसे त्याच्याच खात्यातून काढायला परवाना लागतो. तो लिहायचा कुलूपकाकांनी. माणूस यादीत का गेला, ते कारण बंद पाकिटात असतं आणि पाकीट उघडायचा अधिकार त्यांच्या दोन पायऱ्या वर. अठरा वर्षांत त्यांनी असं एकही पाकीट उघडलेलं पाहिलेलं नाही.

"म्हणजे दुसऱ्याच्या दाराला कुलूप तू घालायचंस, किल्ली तिसऱ्याच्या कनवटीला, आणि शिव्या खायला परत तूच," असा त्यांच्या नोकरीचा सारांश त्यांच्या थोरल्या बहिणीनं काढलेला आहे. अक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली. काकांनी लग्न केलं नाही, अक्काचं टिकलं नाही. दोघं एका घरात राहतात आणि एकमेकांना सहन करतात. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे असेल, कुणाचं काम अडलेलं अक्काला बघवत नाही.

काका परवाने फार नेटके लिहितात, अशी त्यांची ख्याती आहे. त्यामागं एक जुनी गोष्ट आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एका माणसाला मुलांच्या शाळेच्या फीसाठी परवाना दिला होता आणि शेवटी 'व इतर अनुषंगिक खर्च' असे शब्द घातले होते. सवयीनं घातले होते, सरकारी मसुद्यात ते येतातच. त्या शब्दांच्या फटीतून एक जुनी व्हॅन विकत घेतली गेली. ती व्हॅन एका बाजारात उभी करण्यात आली, तिच्यात स्फोट झाला आणि तीन माणसं मेली. चौकशीत काकांवर ठपका आला नाही. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी उलट त्यांना पाणी विचारलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या परवान्यात 'इतर' हा शब्द कुणी पाहिला नाही. कुणाला द्यायचे, कशासाठी, कुठल्या खात्यात, कुठल्या तारखेपर्यंत, सगळं बांधून टाकलेलं. वर्षातून दोनदा ते बँकांच्या लोकांना प्रशिक्षण देतात. त्यात पहिलं वाक्य असतं, "परवान्यात लिहिलं नाही ते मनाई आहे असं धरून चाला. शंका आली की थांबा. थांबल्याबद्दल आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही."

गेल्या वर्षी एका औषध दुकानदाराचं नाव यादीत आलं. पन्नाशीचा माणूस, दुकान लहान. त्यानं एका मदतनिधीला तीन वर्षं वर्गणी दिली होती आणि तो निधी भलत्याच लोकांचा निघाला, एवढं वर्तमानपत्रात आलं होतं. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते पाकिटात. दुकान बंद झालं. तो दर महिन्याला घरखर्चाचा परवाना घ्यायला येई, जिन्यावर दम घेई आणि दारात उभा राहून विचारी, "येऊ का साहेब, की आज मी जास्त धोकादायक दिसतोय?" काका हसत नसत, पण खुर्ची दाखवत.

मग त्याच्या बायकोच्या हृदयाची झडप निकामी झाली. शस्त्रक्रिया करायला हवी होती आणि नवी झडप मागवायला इस्पितळाला आगाऊ रक्कम भरायची होती. दुकानदाराच्या खात्यात ती होती. त्यानं अकरा पानी अर्ज भरला, अंदाजपत्रक जोडलं. काकांनी दोन दिवसांत परवाना लिहिला, वरच्या समितीकडून ना-हरकत मागवली, पाच कामाचे दिवस कुणी हरकत घेतली नाही, सही झाली. त्यात इस्पितळाचं नाव होतं, शल्यविशारदाचं नाव होतं, इस्पितळाचा खाते क्रमांक होता, रक्कम शेवटच्या पैशापर्यंत होती.

"साहेब, हा तर माझ्या लग्नाच्या कागदापेक्षा पक्का आहे," दुकानदार म्हणाला.

"सोमवारी बँकेत द्या," काका म्हणाले.

सोमवारी सकाळी त्या इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहात जंतुसंसर्ग सापडला आणि ते महिनाभरासाठी बंद झालं. रुग्णांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात हलवलं. डॉक्टरही तेच, तिथं जाऊन शस्त्रक्रिया करणार होते. झडपही तीच. फक्त पैसे घेणारं खातं वेगळं होतं.

दुपारी दुकानदाराचा फोन आला. "बँकवाले म्हणतात, हे इस्पितळ कागदावर नाही."

काकांनी बँकेत फोन लावला. तिथला परवाने बघणारा अधिकारी तरुण होता, चलाख होता आणि काकांच्या प्रशिक्षणाला तीनदा बसलेला होता.

"बाई मरायला टेकलीय," काका म्हणाले. "काम तेच, रक्कम तीच, डॉक्टर तोच."

"मला समजतंय साहेब. पण घेणारा बदलला ना? तुम्हीच सांगता, घेणारा बदलला की परवाना संपला."

"मी सांगतोय ना तुम्हाला आता."

"लेखी द्याल?"

लेखी देणं म्हणजे समितीला वगळून परवाना बदलणं. त्याचा अधिकार ना त्यांना होता, ना त्यांच्या संचालकबाईंना.

"साहेब, रागावू नका," अधिकारी म्हणाला. "पण मी थांबलो तर मला शिक्षा नाही. पुढे गेलो तर आहे."

त्याच संध्याकाळी काकांनी दुरुस्तीचा मसुदा केला. संचालकबाईंनी उभ्याउभ्याच सही केली आणि त्या म्हणाल्या, "अहो, पहिल्याच वेळी 'किंवा तत्सम इस्पितळ' असं लिहायचं होतंत."

"लिहायला हवं होतं," काका म्हणाले. संचालकबाई नव्या होत्या, व्हॅनची गोष्ट त्यांनी फक्त ऐकलेली होती.

मसुदा वर गेला. पुन्हा पाच कामाचे दिवस. चौथ्या दिवशी समितीतल्या कुणा एका सदस्यानं तो रोखून धरला. कोणी ते कळत नाही, का ते सांगावं लागत नाही. एका ओळीची विचारणा आली: इस्पितळ का बदललं आणि नव्या इस्पितळाचे मालक कोण? काकांनी तासाभरात उत्तर पाठवलं, संसर्गाचा दाखला जोडला, मालकांची यादी जोडली. उत्तर पोचलं म्हणून दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असा नियम. मधे दोन सुट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः त्या नव्या इस्पितळात गेले. इतक्या वर्षांत ते यादीतल्या कुणाच्याही घरी किंवा कुणाला भेटायला गेले नव्हते. तळमजल्यावर हिशेबनिसाची काचेची खिडकी होती. त्यांनी ओळखपत्र दाखवलं.

"पैसे येणार आहेत," ते म्हणाले. "आठ दिवस. तुम्ही झडप मागवा."

हिशेबनीस सभ्य माणूस होता. त्यानं संगणकात बघितलं, मग खणातून एक कागद काढला. "आगाऊ रकमेशिवाय झडप मागवणं म्हणजे उधारी झाली. आणि हे तुमचंच परिपत्रक आहे ना? 'उधारी हीसुद्धा आर्थिक मदत समजली जाईल.' खाली सही तुमची दिसतेय."

सही त्यांचीच होती. वाक्यही त्यांचंच होतं, आणि ते बरोबर होतं. तसं ते नसतं तर अर्ध्या शहरानं यादीतल्या लोकांना उधारीवर माल दिला असता.

जिन्याखालच्या बाकावर दुकानदार बसला होता. काकांना पाहून तो उठला. "साहेब, तुम्ही? इथं?"

"सहज," काका म्हणाले. हा शब्द इतका खोटा होता की दोघंही जमिनीकडे बघत राहिले.

"ती शुद्धीवर आहे," दुकानदार म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आठवडा निघेल. नंतरचं सांगत नाहीत. माझा मेहुणा पैसे घेऊन आला होता, त्याला मी परत पाठवला. त्याची पोरं लहान आहेत. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंत."

"तुम्ही म्हणालात म्हणजे बरं वाटलं."

घरी काकांनी जेवण अर्धवट टाकलं. अक्कानं खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगून टाकलं, नाव सोडून सगळं. ती उठली, आपलं पासबुक आणून तिनं त्यांच्या पानाशेजारी ठेवलं.

"किती लागतात? मी काही सरकारी नोकर नाही."

"कायदा नोकरांपुरता नाही, अक्का."

"मग जाईन तुरुंगात. या वयात तिथं तरी आयतं जेवण मिळेल. तू बनवतोस ती भाजी खाऊन असंही काय मोठं सुख आहे?"

"तू भरलेस तर मला कळवावं लागेल."

"कुणाला?"

"मलाच. तक्रार माझ्याच टेबलावर येते."

"आणि तू करशील? माझ्यावर?"

काकांनी पाण्याचा घोट घेतला. व्हॅन बाजारात उभी करणारा माणूसही कुणाचा तरी भाऊ होता आणि ते पैसेही कुणीतरी दयेपोटीच सोडले होते, हे त्यांना सांगायचं होतं. पण अक्का झडपेसाठी तळमळते आहे, व्हॅनसाठी नाही, हेही त्यांना दिसत होतं. दोन्ही खरं होतं आणि एकानं दुसरं खोटं ठरत नव्हतं.

"करीन," ते म्हणाले.

अक्कानं पासबुक उचललं. "लहानपणी तुला शेजारच्यांची मांजर चावली होती," ती म्हणाली. "मग तू गल्लीतल्या सगळ्या मांजरांना दगड मारायचास. दुधावर आलेल्या पिल्लालासुद्धा." त्यानंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. भाजी मात्र तिनं स्वतः केली.

सुट्या संपल्या. काका रोज सकाळी नऊला समितीचा निरोप आला का ते बघत, अकराला बघत, मग दर अर्ध्या तासानं. त्यांनी दोनदा वर स्मरणपत्र पाठवलं. स्मरणपत्राला उत्तर द्यायची पद्धत नाही. मोजणीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी जेवायच्या सुटीत, दुकानदाराची बायको गेली. फोन हिशेबनिसानं केला. "तुम्ही स्वतः येऊन गेला होतात, म्हणून म्हटलं कळवावं."

दोन दिवसांनी ना-हरकत आली. कुणाचीच हरकत नव्हती. रोखून धरणाऱ्या सदस्यानं उत्तराबद्दल आभार मानले होते. काकांनी कागदावर 'अर्जाचं प्रयोजन उरलं नाही' असा शेरा मारला आणि तो फाइलला लावला. संचालकबाई दारात येऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. "नियमाप्रमाणे झालं सगळं," त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली. त्यांना कुणी दोष दिला असता तर कदाचित हातात धरायला काहीतरी मिळालं असतं.

बायको गेल्याच्या पाचव्या दिवशी दुकानदार आला. दाढी केलेली होती, शर्ट इस्त्रीचा होता. या वेळी दारात उभं राहून त्यानं काही विचारलं नाही, सरळ येऊन बसला. काकांनी काय बोलायचं ते जिन्याकडे बघत ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. खरं तर ठरवण्यासारखं एकच होतं, की दुरुस्ती करावी लागली ती आपल्या लिहिण्यामुळे. ते सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं त्याचं काय करायचं होतं?

"साहेब," दुकानदार म्हणाला, "घरखर्चाच्या परवान्यावर दोन माणसं आहेत. कुटुंबात बदल झाला तर सात दिवसांत कळवायचं, असं मागच्या पानावर लिहिलंय. उशीर झाला तर गुन्हा."

"आज पाचवा दिवस आहे," काका म्हणाले. "वेळेत आहात."

"मग एकाचा करून द्या."

काकांनी खणातून नमुना काढला. कुटुंबातील व्यक्ती, या रकान्यात दोनवर काट मारून त्यांनी एक लिहिलं. भाडं तेवढंच ठेवलं. औषधांचा रकाना रिकामा झाला. किराण्याची रक्कम त्यांनी कोष्टकात बघून उतरवली.

दुकानदार वाकून बघत होता. "किराणा निम्मा कसा साहेब? गॅस काय निम्मा जळतो?"

"कोष्टक आहे. माझ्या हातात नाही."

"तसं नाही, मी नुसतं विचारलं." त्यानं दाखवलेल्या जागी सही केली, वर तारीख घातली, आपली प्रत घेऊन तिची घडी केली. उठता उठता थांबला. "पुढच्या महिन्याला याच तारखेला ना?"

"याच तारखेला," काका म्हणाले. "दहानंतर या."